अस्सल जुनी बँडची वस्तू, तरी लिस्टिंग उतरवलं : आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा : ऐंशीच्या दशकापासून जमवलेले बँडचे टूर टी-शर्ट, मैफलींची पोस्टरं, ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असलेल्या काही एलपी आणि मैफलीत ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेट ऑनलाइन विकायला काढल्या. सुरुवातीला विक्री झाली, मग लिस्टिंग उतरवली जाऊ लागली. एका शर्टाला ‘बनावट माल’ म्हटलं गेलं, एका एलपीवर कॉपीराइटची तक्रार आली, कॅसेट तर लगेचच गायब झाल्या आणि खात्यावर इशारा लागला. सगळं पैसे मोजून घेतलेलं आहे, मग विकायचा हक्क नाही का? आणि असला तर तो बजावायचा कसा?

शर्ट आणि एलपीसाठी भांडा, पोस्टरची आधी खात्री करून घ्या, कॅसेटचा नाद सोडा. हे असं का, ते सांगतो.

लिस्टिंग उतरवलं म्हणजे वस्तू बनावट असल्याचा निवाडा झाला, असं नसतं. ती वस्तू कोणी हातात घेऊन पाहिलेलीच नसते. ईबेवर ‘व्हेरो’ नावाची व्यवस्था आहे. तिच्यात नोंद असलेला हक्कधारक तक्रार करतो आणि लिस्टिंग खाली येतं. एट्सी, ॲमेझॉन यांच्याकडे नावं वेगळी, काम तेच. यामागे त्यांचा स्वतःचा बचाव आहे. टिफनी विरुद्ध ईबे या खटल्यात २०१० साली अमेरिकी अपील न्यायालयाने म्हटलं, की आपल्याकडे कुठेतरी बनावट माल विकला जातो एवढ्या ढोबळ माहितीवरून ईबे दोषी ठरत नाही. पण विशिष्ट लिस्टिंगबद्दल तक्रार आल्यावर ते ताबडतोब काढणं हाच त्या बचावाचा कणा होता. तक्रार आली की आधी काढायचं, ही सगळ्यांची रीत झाली आहे. म्हणून ग्राहक सेवेतल्या माणसाशी हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका. त्याच्या हातात काही नसतं. हातात असतं ते तक्रार करणाऱ्याच्या, किंवा कायद्याने आखून दिलेल्या प्रक्रियेच्या.

आता तक्रार करणारा कोण, ते पाहा. बँडचं नाव आणि चिन्ह एका कंपनीच्या मालकीचं असतं, ध्वनिमुद्रण रेकॉर्ड कंपनीचं, मुखपृष्ठाचं चित्र कधी चित्रकाराचं तर कधी कंपनीचं. टी-शर्ट आणि इतर वस्तू छापायचा परवाना आणखी कोणाकडे असतो. युनिव्हर्सल म्युझिकची ब्राव्हाडो ही अशीच वस्तूंचा धंदा पाहणारी कंपनी आहे. हे सगळे देखरेखीचं काम बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीला देतात आणि ती एजन्सी चित्रं जुळवणारं सॉफ्टवेअर चालवते. गंमत अशी, की गाजलेल्या टूरच्या शर्टांची डिझाइन आता परवान्याने पुन्हा छापली जातात आणि बनावटवाले तीच डिझाइन चोरून छापतात. शिवाय ते जुन्या शर्टाचे तुमच्यासारख्या विक्रेत्यांनी काढलेले फोटो उचलून स्वतःच्या लिस्टिंगवर डकवतात. सॉफ्टवेअरला १९८७ चा अस्सल शर्ट आणि मागच्या महिन्यात छापलेली नक्कल यांत फरक दिसत नाही. त्याला फक्त चित्र जुळलेलं दिसतं. ओल्याबरोबर सुकं जळतं ते इथे.

त्यामुळे तक्रारीचा मेल आला की पहिलं काम म्हणजे त्यात कोणत्या हक्काचं नाव घेतलंय ते शोधणं. ट्रेडमार्क, कॉपीराइट, की संकेतस्थळाचं स्वतःचं ‘प्रतिबंधित वस्तू’चं धोरण? तिन्हींचे रस्ते अगदी वेगळे आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला पाठवलं की ते सरळ केराच्या टोपलीत जातं.

तुमचा विकायचा हक्क कुठून येतो, हेही नीट समजून घ्या. अमेरिकी कायद्यात त्याला ‘फर्स्ट सेल’ म्हणतात. एका पुस्तकाच्या किमतीवरून झालेल्या बॉब्ज-मेरिल विरुद्ध स्ट्रॉस या खटल्यात १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रत एकदा विकली की पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचं नियंत्रण राहत नाही. तेच आज कॉपीराइट कायद्याच्या कलम १०९ मध्ये आहे, आणि प्रत परदेशात कायदेशीरपणे बनलेली असली तरी ते लागू होतं, हे २०१३ च्या कर्टसेंग खटल्यात ठरलं. ट्रेडमार्कमध्येही अस्सल माल आहे त्या स्थितीत पुन्हा विकणं हे साधारणपणे उल्लंघन नाही.

पण इथेच बहुतेक विक्रेते घसरतात. ‘वस्तू चाळीस वर्षं जुनी आहे’ हा बचाव नाही. सत्तरच्या दशकातल्या चित्राचा आणि गाण्याचा कॉपीराइट बहुधा अजून जिवंत आहे आणि पुढेही बरीच वर्षं राहणार आहे. ‘मी पैसे दिले होते’ हाही पुरेसा बचाव नाही. तुम्हाला वाचवतं ते एवढंच, की ही प्रत मुळात हक्कधारकाच्या परवानगीने बनली होती आणि आज ती तुमच्या मालकीची आहे. पुढचं सगळं भांडण ‘मुळात परवानगीने बनली होती’ या एका गोष्टीभोवती फिरतं.

युरोपात एक जादा अडचण आहे. तिथे ट्रेडमार्कधारकाचा हक्क तेव्हाच संपतो, जेव्हा माल त्याच्या संमतीने युरोपीय आर्थिक क्षेत्रातच पहिल्यांदा बाजारात आलेला असतो. सिल्हूट खटल्यात १९९८ साली युरोपीय न्यायालयाने हे पक्कं केलं. म्हणजे अमेरिकेतल्या टूरवर विकला गेलेला अस्सल शर्ट तुम्ही धंदा म्हणून जर्मनीतल्या गिऱ्हाइकांना विकत असाल, तर कागदोपत्री तुमची बाजू अमेरिकेतल्या विक्रीइतकी भक्कम नाही.

आता शर्ट. तक्रार ट्रेडमार्कची असेल (आणि ‘बनावट’ हा शब्द आला की ती बहुधा ट्रेडमार्कचीच असते), तर काउंटर नोटीस, म्हणजे लिस्टिंग चुकीने काढलं असं शपथेवर कळवणं, हा मार्ग तुम्हाला नाही. ती सोय अमेरिकी कायद्याने फक्त कॉपीराइटसाठी केली आहे. इथे बहुधा तक्रारदारालाच पटवावं लागतं आणि त्याने तक्रार मागे घेतली तरच डाग पुसला जातो (युरोपीय संघातला जादा मार्ग पुढे येतो). मेलमध्ये त्याचा संपर्क दिलेला असतो, तिथे लिहा.

पत्र लहान ठेवा. भावना, बँडवरचं प्रेम, ‘मी त्या मैफलीला होतो’ हे सगळं गाळा. पत्र वाचणारी व्यक्ती दिवसभर अशीच पत्रं वाचत असते आणि तिला फाइल बंद करायला निमित्त हवं असतं. ते पुराव्याच्या रूपात हातात द्या. शर्टावर चित्राखाली बारीक अक्षरात छापलेली हक्काची ओळ, म्हणजे वर्ष, कंपनीचं नाव आणि ‘परवान्याने’ असा उल्लेख, हा सगळ्यात मोलाचा पुरावा. तिचा जवळून काढलेला फोटो सगळ्यात वर हवा. मग मानेमागचं लेबल, आतलं धुलाईच्या सूचनांचं लेबल, बाहीची आणि खालच्या कडेची शिलाई, छपाईला पडलेल्या भेगा. पुढची-मागची बाजू आणि मोजमाप. बिल किंवा तिकिटाचा तुकडा असला तर तोही. शेवटी एक थेट प्रश्न : या वस्तूतली कोणती खूण बनावट वाटली? अर्ध्या वेळी या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण माणसाने ते लिस्टिंग पाहिलेलंच नसतं, आणि मग तक्रार निमूट मागे घेतली जाते.

या खुणांबद्दल थोडं सावधपणे बोलायला हवं, कारण त्यांच्याभोवती बऱ्याच दंतकथा आहेत. बाही आणि खालच्या कडेला शिलाईची एकच ओळ असणं हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अमेरिकी शर्टांचं लक्षण खरं. पण जुने कोरे शर्ट मिळवून त्यांवर आज छापणारे लोक आहेत, म्हणून निव्वळ शिलाईवर काही सिद्ध होत नाही. लेबलावरचा आरएन क्रमांक पाहून शर्टाचं वर्ष काढायचं सूत्र लोक सांगत असतात, ते सोडून द्या. तो क्रमांक अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला दिलेला असतो. त्यातून कंपनी कळते, शर्ट कधी शिवला ते कळत नाही. अमेरिकेत धुलाईच्या सूचना लेबलावर देणं १९७२ पासून सक्तीचं झालं, आणि शब्दांऐवजी नुसती चिन्हं चालतील अशी सूट १९९७ मध्ये आली. तेव्हा ‘१९७९ ची टूर’ म्हणून विकायला काढलेल्या अमेरिकी शर्टाच्या लेबलावर नुसती चिन्हंच असतील, तर तक्रारदाराच्या आधी तुम्हीच थांबा. छपाई, कापड, लेबल आणि हक्काची ओळ या चारही गोष्टी एकाच काळाकडे बोट दाखवत असतील, तरच तुमचं म्हणणं टिकतं.

हक्काची ओळच नसेल तर? साठच्या दशकातल्या आणि सत्तरच्या सुरुवातीच्या वस्तूंवर ती नसणं हा बनावटपणाचा पुरावा नव्हे. त्या काळात परवान्यांचा कारभारच ढिसाळ होता. बीटल्सचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९६४ साली अमेरिकेत त्यांच्या वस्तूंचे परवाने सेल्टेब नावाची कंपनी देत होती आणि मूळ करारात ९० टक्के वाटा तिचा, फक्त १० टक्के बँडच्या बाजूचा होता. पुढे त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि परवान्याचा आणि बिनपरवान्याचा माल शेजारी शेजारी विकला गेला. उलट १९७८ च्या किस बँडच्या बाहुल्यांवर ‘ऑकॉइन मॅनेजमेंट’ असा हक्काचा शिक्का स्पष्ट असतो. म्हणजे प्रत्येक बँड, प्रत्येक वर्ष यांची रीत वेगळी, आणि ती माहीत असणं हेच या धंद्यातलं खरं भांडवल.

आणि एक कडू गोष्ट. मैफलीच्या बाहेर, पार्किंगच्या जागेत विकले गेलेले शर्ट. ते खरोखर त्याच रात्रीचे असतात, संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात, काहींची चित्रं अधिकृत शर्टांपेक्षा सरस असतात. पण ते छापायची परवानगी कोणी दिलेली नव्हती, आणि कितीही वर्षं गेली तरी ती मागून मिळत नाही. अशा शर्टावर तक्रार आली तर कायद्याच्या नजरेत तक्रारदार बरोबर आहे. ‘जुना’ आणि ‘अधिकृत’ यांची गल्लत करून पाठवलेलं पत्र तुमच्या बाकीच्या अस्सल शर्टांवरचा विश्वासही घालवतं. तुमच्या शर्टांत असे किती, ते आधी वेगळं काढा.

एलपीची गोष्ट त्यामानाने सोपी आहे आणि तुमच्या बाजूची आहे. ‘फक्त प्रसिद्धीसाठी, विक्रीसाठी नाही’ हा शिक्का पाहून विक्रेते घाबरतात. युनिव्हर्सलने अशाच प्रसिद्धीच्या सीडी ईबेवर विकणाऱ्या एका विक्रेत्यावर खटला भरला होता. युएमजी विरुद्ध ऑगस्टो या नावाने तो ओळखला जातो. सीडी आमच्याच मालकीच्या आहेत, घेणाऱ्याला फक्त वापरायची मुभा दिली होती, असं कंपनीचं म्हणणं. २०११ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळलं. न मागता लोकांना पाठवून दिल्या, परत मागितल्या नाहीत, कोणाकडे किती आहेत याची नोंद ठेवली नाही, म्हणजे मालकी गेली. त्यामुळे अमेरिकी संकेतस्थळावर तुमच्या एलपीवरची तक्रार कॉपीराइटची असेल आणि कारण तो शिक्का असेल, तर काउंटर नोटीस पाठवायला हरकत नाही.

ही नोटीस म्हणजे काय, ते मात्र समजून पाठवा. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्यात तिची तरतूद आहे. उतरवलेलं लिस्टिंग कोणतं, ते चुकीने किंवा गैरसमजाने काढलं गेलं असं तुम्ही प्रामाणिकपणे मानता, हे शपथेवर सांगायचं. तुमचं नाव, पत्ता, फोन द्यायचा, अमेरिकी न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करायचं आणि सही करायची. ती जशीच्या तशी तक्रारदाराकडे जाते. त्याने न्यायालयात धाव घेतली नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत लिस्टिंग परत लावलं जातं. खोटी शपथ महागात पडते, पण जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यालाही त्याच कायद्याच्या कलम ५१२ प्रमाणे नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. घरचा पत्ता अनोळखी कंपनीला द्यायची तयारी नसेल किंवा वस्तूची किंमत किरकोळ असेल, तर हा मार्ग न घेणंही शहाणपणाचं.

युरोपीय संघात राहत असाल तर २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्याचा उपयोग करा. लिस्टिंग का काढलं याची कारणं लेखी द्यावी लागतात आणि निर्णयाविरुद्ध किमान सहा महिने विनाशुल्क अंतर्गत अपील करता येतं. हे अपील ट्रेडमार्कच्या प्रकरणातही चालतं, म्हणून शर्टासाठी ते जास्त कामाचं.

कॅसेटकडे येतो. तुम्ही त्या पैसे देऊन घेतल्या असतील, पण कलाकाराच्या परवानगीशिवाय मैफलीत केलेलं ध्वनिमुद्रण ‘कायदेशीरपणे बनलेली प्रत’ कधीच नसतं. अमेरिकेत १९९४ पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कलम आहे आणि मोठी संकेतस्थळं असा माल घेतच नाहीत. ग्रेटफुल डेडसारख्या बँडने चाहत्यांना ध्वनिमुद्रण करू दिलं, १९८४ पासून त्यांच्यासाठी वेगळी जागाही ठेवली. पण ती मुभा आपसांत देवाणघेवाण करण्यापुरती होती, विकण्यासाठी नव्हती. जर्मनीत एका विधवा बाईंनी दिवंगत नवऱ्याने विकत घेतलेली एरिक क्लॅप्टनच्या मैफलीची एक सीडी ईबेवर ९.९५ युरोला लावली. सीडी चोरटी निघाली आणि २०२१ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला, खर्चासकट. बातमीवरून गदारोळ झाल्यावर क्लॅप्टनच्या बाजूने खर्च वसूल करणार नसल्याचं जाहीर झालं, ती गोष्ट वेगळी. नवऱ्याने ती साध्या दुकानातून घेतली होती, या म्हणण्याचा बाईंना काही उपयोग झाला नाही. तुमच्या कॅसेट ठेवा, ऐका. विकायला काढू नका.

पोस्टरमध्ये खरा धोका पुनर्मुद्रणाचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहातल्या मैफलींसाठी आयोजक बिल ग्रॅहम यांनी काढलेली क्रमांकाची पोस्टरं घ्या. त्यांतल्या कित्येकांच्या दुसऱ्या, तिसऱ्या छपाया अधिकृतपणेच झाल्या, शिवाय चोरट्या नकलाही निघाल्या. कागदाची जाडी, नेमकं माप आणि खालच्या कडेचा मजकूर यांवरून छपाई ओळखतात. अधिकृत पुनर्मुद्रण विकणं पूर्ण कायदेशीर आहे, फक्त ते पहिली छपाई म्हणून विकू नका. जुन्या पोस्टरचं स्कॅन करून नव्याने छापणं किंवा ते कॅनव्हासवर उतरवणं मात्र वेगळीच गोष्ट. युरोपात ऑलपोस्टर्स खटल्यात २०१५ साली ठरलं, की माध्यम बदललं की पहिल्या विक्रीचा आधार उरत नाही. शर्ट कापून पिशव्या शिवणाऱ्यांनीही इथे कान टवकारावेत.

पुढच्या लिस्टिंगबद्दल. शीर्षकात बँडचं नाव घ्यायला घाबरू नका. ‘न्यू किड्स ऑन द ब्लॉक’ या बँडने आपलं नाव वापरल्याबद्दल वृत्तपत्रांवर खटला भरला होता. तेव्हा १९९२ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की ज्याचं नाव घेतल्याशिवाय ती गोष्ट ओळखताच येत नाही, तिथे नाव घेणं गैर नाही, फक्त गरजेपुरतं घ्या आणि बँडने तुम्हाला मान्यता दिली आहे असं भासवू नका. म्हणून नाव, टूर, वर्ष, ‘वापरलेला’ एवढं पुरे. ज्या बँडशी वस्तूचा संबंध नाही त्यांची नावं शोधात यावीत म्हणून घुसडणं, ‘-च्या धर्तीवर’, ‘स्टाइल’, ‘अनेक साइज उपलब्ध’ असं लिहिणं, ही तक्रारीला आयती आमंत्रणं. जुना शर्ट एकच असतो, त्याची साइजही एकच.

फोटो स्वतः काढा, साध्या जागी, सुरकुत्या आणि डाग दिसतील असे. वस्तूचा फोटो दाखवणं गैर आहे का, अशी धास्ती अनेकांना असते. अमेरिकी कायद्याच्या कलम ११३ मध्ये शर्टासारख्या वापराच्या वस्तूंसाठी उत्तर सरळ आहे : चित्र त्यांवर कायदेशीरपणे छापलेलं असेल, तर विक्रीच्या जाहिरातीत त्यांचे फोटो दाखवायला कॉपीराइट आड येत नाही. दुसऱ्याने काढलेला फोटो उचलणं मात्र स्वतंत्र उल्लंघन आहे, आणि अस्सल वस्तूंवर आलेल्या कॉपीराइट तक्रारींत हे कारण मला वारंवार दिसतं. हक्काच्या ओळीचा आणि लेबलाचा फोटो लिस्टिंगमध्येच टाका. तक्रार आल्यावर तो दाखवण्यापेक्षा, तपासणाऱ्याने क्लिक करण्याआधी तो दिसलेला बरा. संग्राहकही तोच आधी पाहतो.

तक्रार निकाली निघेपर्यंत तीच वस्तू पुन्हा लावू नका आणि दुसरं खातं तर मुळीच उघडू नका. वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करणं हे संकेतस्थळांच्या स्वतःच्या कायदेशीर संरक्षणाची अटच आहे, आणि दोन खाती जोडलेली सापडली की अस्सल शर्टाचं म्हणणंही कोणी ऐकत नाही. इशारा लागलेला असताना वादाची शक्यता असलेल्या बाकीच्या वस्तू काही काळ स्वतःहून खाली उतरवा आणि एका वेळी एकच प्रकरण लढा. तुमच्याकडे हक्काची ओळ स्पष्ट दिसणारा शर्ट असेल, तर सुरुवात त्यापासून करा.

एवढं करूनही संकेतस्थळाच्या मेलऐवजी थेट वकिलाचं पत्र आलं आणि त्यासोबत ‘पुन्हा असं करणार नाही, केल्यास अमुक दंड भरीन’ असा मसुदा असेल (जर्मनीत ही पद्धत फार रुळलेली आहे), तर घाबरून सही करू नका आणि पत्र खणात टाकून विसरूही नका. असा करार बहुधा आयुष्यभर बांधून ठेवतो आणि मुदत काही दिवसांचीच असते. त्या मुदतीच्या आत तिथल्या कायद्याच्या वकिलाला तो दाखवा. वस्तू खरोखरच चोरटी असेल, तरी मसुद्यातली भाषा आणि खर्चाची रक्कम कमी करून घेता येते.